जर्मन वाद्यवृंदातील दुसरा ओबो: निवडचाचणीपासून कायम नेमणुकीपर्यंत

जर्मनीत सार्वजनिक निधीवर चालणारे सुमारे १३० व्यावसायिक वाद्यवृंद आहेत. ही संख्या ऐकणाऱ्याला मोठी वाटते, पण ओबो हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याच्या दृष्टीने ती लहानच ठरते. कारण मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादकांच्या जागा तीसच्या घरात असतात, तर ओबोवादकांच्या तीन ते पाच, आणि त्यांतली एखादी रिकामी होते ती बहुधा कुणी निवृत्त झाल्यावर किंवा दुसऱ्या शहरी गेल्यावर. मध्य जर्मनीतील एका शहराच्या वाद्यवृंदात मी ‘दुसरा ओबो आणि इंग्लिश हॉर्न’ या जोडजागेवर काम करते. या जागेसाठी दिलेली निवडचाचणी, त्यानंतरचा परिवीक्षा काळ आणि अखेरीस झालेली कायम नेमणूक, या वाटचालीत माझ्याकडून नेमके काय मागितले गेले ते मला लिहून ठेवायचे आहे. चाचणीची मागणी आणि परिवीक्षा काळाची मागणी या दोन इतक्या वेगळ्या गोष्टी होत्या की त्यांतल्या दुसरीलाच मी या व्यवसायाची खरी परीक्षा मानते.

ओबो हे सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीचे, आतून निमुळत्या पोकळीचे, काळ्या लाकडाचे सुषिर वाद्य आहे. लाकूड बहुधा ग्रेनाडिला, म्हणजे आफ्रिकेतले पण आपल्या शिसवाच्याच कुळातले. तोंडाशी दोन पात्यांची रीड असते, त्यामुळे सनई, नादस्वरम आणि सोलापूरच्या जाधव घराण्याची सुंदरी ही ओबोची भावंडेच म्हणावी लागतील. सनईची भोके बोटांनी थेट झाकली जातात. ओबोवर मात्र चाव्यांचे दाट जाळे असते, आणि त्याची आजची रचना प्रामुख्याने पॅरिसच्या त्रिएबेर घराण्याने एकोणिसाव्या शतकात घडवली. इंग्लिश हॉर्न हे याच कुळातले लांब वाद्य, ओबोपेक्षा पंचमाने खाली वाजणारे. त्याच्या वरच्या टोकाला धातूची वाकडी नळी असते आणि खालचे टोक फुगीर कंदासारखे असते.

मी दादरला वाढले. शाळेत रेकॉर्डर आणि पुढे काही वर्षे क्लॅरिनेट शिकल्यावर एनसीपीए या मुंबईतल्या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा नाट्यगृहात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफली ऐकू लागले. २००६ मध्ये स्थापन झालेल्या या वाद्यवृंदाच्या हंगामांसाठी परदेशांतून अनेक वादक मुंबईत येतात. त्यांच्यापैकी एका ओबोवादकाने मला पहिले धडे दिले. हंगाम संपला की गुरू मायदेशी परत जात, आणि मधले महिने मी ध्वनिमुद्रणे पाठवून, उत्तराची वाट पाहत, त्यांच्या सूचनांवर काम करीत असे. ओबोसाठी मुंबईची हवा कठीण आहे. पावसाळ्यात रीड फुगून तिचे तोंड मोठे होते आणि ती वाजवताना ओठ थकून जातात. वातानुकूलित खोलीत तीच रीड अर्ध्या तासात मिटते. त्यामुळे रीड विकत घेऊन भागणार नाही, ती स्वतः करावी लागेल, हे मला तिथेच उमगले होते. पुढे लाइपझिगच्या संगीत विद्यापीठात प्रवेश मिळाला. मेंडेल्सोनने १८४३ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत शिकत असताना वाजवण्याच्या तासांइतकेच तास रीडच्या टेबलाशी गेले, आणि आजही त्यात फारसा फरक पडलेला नाही.

या कामाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्याशिवाय पुढचे काहीच नीट कळणार नाही. रीड अरुंडो डोनॅक्स नावाच्या, पोकळ कांड्यांच्या उंच गवतापासून होते. दक्षिण फ्रान्समधील वार प्रांतातले गवत यासाठी विशेष नावाजलेले आहे. ते हिवाळ्यात कापतात, उन्हात वाळवतात आणि मुरू दिल्यावरच वापरतात. ओबोसाठी साधारण १० ते १०.५ मिलिमीटर व्यासाची कांडी घ्यायची, तिचे उभे तीन भाग करायचे, आणि आतल्या बाजूने रंधा मारून मधली जाडी ०.६ मिलिमीटरच्या आसपास आणायची. ही पट्टी भिजवून मधोमध दुमडायची, साच्यावर ठेवून कडा कापायच्या, आणि सुमारे ४७ मिलिमीटर लांबीच्या, बूच लावलेल्या धातूच्या नळीवर दोऱ्याने आवळून बांधायची. दुमडलेले टोक कापले की दोन पाती मोकळी होतात. मग त्यांच्यामध्ये पातळ पत्रा सरकवून टोकाकडचा सुमारे एक सेंटिमीटर भाग सुरीने तासत जायचे, तो टोकाशी जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर उरेपर्यंत. डाव्या पात्याची उजवी कड आणि उजव्या पात्याची डावी कड यांत केसाएवढा फरक राहिला तरी खालचे स्वर उशिरा बोलतात. एवढे करून झालेली चांगली रीड दहा-पंधरा तास वाजते आणि मग तिचा आवाज पोकळ होत जातो. म्हणून ओबोवादकाच्या डबीत एकाच वेळी वेगवेगळ्या वयाच्या रीड असतात: एक आजच्या तालमीसाठी, एक शनिवारच्या मैफलीसाठी, एक अजून कच्ची, पुढच्या आठवड्यासाठी राखलेली. दुसऱ्या ओबोवादकाच्या डबीत यांखेरीज मंद्र स्वरांसाठी मऊ तासलेल्या रीड आणि इंग्लिश हॉर्नच्या रुंद पात्यांच्या रीडही असतात.

आता चाचणीकडे वळते. जर्मनीत तिला ‘प्रोबेश्पील’ म्हणतात. जागेची जाहिरात आली की अर्ज करायचा, आणि बोलावणे आले तर स्वखर्चाने त्या शहरी जायचे. अर्ज करणाऱ्यांपैकी सगळ्यांना बोलावणे येत नाही, आणि चाचणी होऊनही कुणाचीच निवड न होता जागा रिकामी राहणे ही इथे नेहमीची गोष्ट आहे. मला स्वतःला ही जागा मिळण्याआधी अनेक शहरांतून परत यावे लागले होते. त्या प्रवासांतून एक गोष्ट ध्यानात आली ती अशी की, दर शहरात सभागृह वेगळे, हवा वेगळी, साथीचा पियानोवादक अनोळखी, पण पहिल्या फेरीची रचना जवळजवळ सगळीकडे सारखीच असते: मोझार्टचा सी मेजरमधील ओबो कन्सर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना), कृती क्रमांक ३१४.

मोझार्टने ही रचना १७७७ मध्ये साल्झबुर्गच्या दरबारातील ओबोवादक ज्युझेप्पे फेर्लेंदिस याच्यासाठी केली. पुढे फ्लूटसाठी ती डी मेजरमध्ये बदलून घेतली गेली आणि मूळ ओबोचे रूप दीर्घकाळ विस्मरणात गेले. १९२० मध्ये साल्झबुर्गला जुन्या हस्तलिखित प्रती सापडल्यावर ते पुन्हा प्रकाशात आले. चाचणीसाठी याहून कठोर रचना मला माहीत नाही. एकलवादक प्रवेश करतो तो एका चढत्या लहान तानेने, आणि लगेच वरचा ‘सी’ हा स्वर चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तने, अखंड धरून ठेवतो. खाली साथीची धून चालू असते आणि वर हा एकच स्वर. त्या चार बारांत श्वासाची ताकद, स्वराची स्थिरता, आवाजाचा पोत आणि रीडची प्रकृती हे सगळे परीक्षकांना कळून चुकते. पडद्यामागे बसलेल्या वादकाविषयी त्यांचे निम्मे मत तिथेच बनत असावे, असे आज स्वतः परीक्षकांच्या रांगेत बसू लागल्यावर मला खात्रीने वाटते.

पहिली फेरी पडद्याआडून झाली. ही पद्धत मला मनापासून पटते. माझे नाव, माझा चेहरा, मी कुठून आले, यांतले काहीही समोरच्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्यापुढे केवळ एक क्रमांक आणि एक आवाज होता. दुसऱ्या फेरीत इंग्लिश हॉर्नवर दोनिझेत्तीचे १८१६ मधील कन्सर्तिनो वाजवायचे होते, आणि तिसऱ्या फेरीत वाद्यवृंदाच्या साहित्यातील निवडक उतारे. या उताऱ्यांची यादी वादकांना विद्यार्थिदशेपासून पाठ असते. बेथोव्हनच्या तिसऱ्या सिम्फनीतील शोकयात्रा, रोस्सिनीच्या ‘रेशमी शिडी’ या ऑपेराच्या पूर्वरंगातील जलद तुटक स्वर, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिम्फनीतील संथ धून, रावेलच्या ‘कूपरँची समाधी’मधील न थांबणारी वळणे, आणि ब्राम्सच्या व्हायोलिन कन्सर्टोचा दुसरा भाग.

ब्राम्सच्या या भागाशी माझे विशेष नाते आहे. हा कन्सर्टो प्रथम सादर झाला तो लाइपझिगमध्येच, १ जानेवारी १८७९ रोजी, योआखिमच्या व्हायोलिनवर आणि खुद्द ब्राम्सच्या संचालनाखाली. त्याच्या दुसऱ्या भागात व्हायोलिनवादक हातात वाद्य घेऊन नुसता उभा असतो आणि संपूर्ण धून आधी ओबो गातो. ओबोवादकाची श्वासाची अडचण इथे फार स्पष्ट दिसते. फ्लूट किंवा ट्रॉम्बोन वाजवणाऱ्याचा श्वास संपतो. ओबोच्या रीडचे तोंड मात्र इतके अरुंद असते की हवा फार थोडी खर्च होते आणि छातीत वापरलेली, शिळी हवा कोंडून राहते. त्यामुळे दोन वाक्यांच्या फटीत आधी ती बाहेर टाकायची आणि मग नवी घ्यायची, किंवा एका फटीत केवळ टाकायची आणि पुढच्या फटीत घ्यायची, हे प्रत्येक उताऱ्यासाठी पेन्सिलीने खुणा करून ठरवावे लागते. ब्राम्सची वाक्ये लांब असल्यामुळे या खुणा कुठे कराव्यात यावर माझे गुरू आणि मी यांच्यात अनेकदा चर्चा झाली होती, आणि शेवटी मी माझ्या छातीला मानवणाऱ्या जागा निवडल्या.

शेवटी इंग्लिश हॉर्नवर वाग्नरच्या ‘त्रिस्तान आणि इसोल्ड’च्या तिसऱ्या अंकातील मेंढपाळाची धून मागितली गेली. १८६५ मध्ये म्युनिकला प्रथम रंगमंचावर आलेल्या या ऑपेरात ही धून कुठल्याही साथीविना, रंगमंचाच्या बाजूने, एकट्या इंग्लिश हॉर्नवर वाजते. ताल दाखवणारे कुणी नाही, स्वर आधाराला नाही. थांबणे किती, ओढणे किती, हे सारे वादकाच्या विवेकावर सोडलेले असते. आलाप ऐकत वाढलेल्या माणसाला या धुनीत शिरायला वेळ लागत नाही असे मला वाटते, आणि त्या दिवशी मी ती घाई न करता वाजवली. संध्याकाळी वादकांच्या उपाहारगृहात एका ज्येष्ठ वादकाने येऊन निकाल सांगितला. निवड झाली होती, वर्षभराच्या परिवीक्षेवर.

इथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी आहे की, चाचणीत जे मागितले गेले त्यातले जवळजवळ सगळे एकलवादनाचे होते. मोझार्टचा कन्सर्टो माझ्या वाद्यवृंदात मी कधी वाजवणार नव्हते. ब्राम्सची ती धून पहिल्या ओबोची आहे, दुसऱ्या ओबोला ती वाट्याला येत नाही. ‘त्रिस्तान’ची धून तेवढी खरोखर माझ्या कामाची होती, आणि तीही काही वर्षांतून एकदा येणारी. रोजचे काम कसे करते, याची पारख चाचणीत होऊच शकली नव्हती. ती परिवीक्षा काळात झाली.

दुसऱ्या ओबोची जागा पहिल्या ओबोच्या डाव्या खांद्याशी असते. समोर व्हायोला, पाठीमागे बॅसून हे मंद्र फुंकवाद्य वाजवणारे, पहिल्या ओबोच्या पलीकडे फ्लूट. पहिल्याच आठवड्यात मला जाणवले की इथे माझा स्वर सुरात आहे की नाही हे तालमापक यंत्रासारखे स्वरमापक यंत्र पाहून ठरणार नाही. वाद्यवृंद ४४३ हर्ट्झच्या ‘ए’वर जुळतो, तो ‘ए’ पहिला ओबो देतो, पण त्यानंतर सुराचा हिशेब सतत बदलत राहतो. मेजर स्वरसंघातला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीतला, तिसरा स्वर शुद्ध वाजायचा असेल तर तो पियानोच्या त्याच स्वरापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली घ्यावा लागतो, आणि दुसऱ्या ओबोच्या वाट्याला नेमका तोच स्वर वारंवार येतो. दुसऱ्याच क्षणी संघ बदलतो आणि माझा तोच स्वर आता मूळ स्वर ठरतो, म्हणजे तो उंचावायला हवा. हिंदुस्थानी संगीतात गांधार तंबोऱ्याच्या नादात शोधायची सवय लहानपणी कानाला लागली असेल तर इथे तिचा मोठा उपयोग होतो. फरक असा की तंबोरा अढळ असतो, आणि वाद्यवृंदात ज्याच्याशी जुळायचे तोही हलत असतो.

दुसरी मागणी मंद्र सप्तकाची. ओबोचे सर्वांत खालचे स्वर, ‘बी फ्लॅट’, ‘बी’ आणि ‘सी’, स्वभावतः मोठ्याने आणि जाड बोलतात. दुसऱ्या ओबोला तेच अतिशय हळू, आघाताविना, आणि संचालकाची काठी खाली येते त्याच क्षणी सुरू करावे लागतात. त्यासाठी रीडचा पाठीमागचा भाग अधिक तासून ती मऊ करावी लागते, पण फार तासली तर वरचे स्वर खाली घसरतात. चाचणीत मोझार्टसाठी उजळ आणि ताठ रीड वापरली होती. परिवीक्षेच्या पहिल्या काही महिन्यांत मी माझी रीड करण्याची पद्धतच हळूहळू बदलली, टोक किंचित लांब केले, पट्टी थोडी रुंद साच्यावर कापू लागले. पहिल्या ओबोवादकाचा आवाज माझ्या आवाजात बसला पाहिजे, म्हणजे ऐकणाऱ्याला दोन वाद्ये न वाटता एकच रुंद आवाज वाटला पाहिजे, हा त्यामागचा हेतू होता. यासाठी आम्ही दोघे तालमीच्या आधी रिकाम्या सभागृहात येऊन नुसते लांब स्वर धरत असू. षड्ज-पंचम, मग तिसरा, मग सप्तक. या कामाला मैफलीच्या पुस्तिकेत कुठेही जागा नसते, आणि तरीही वाद्यवृंदाचा रंग इथेच तयार होतो असे माझे ठाम मत आहे.

जर्मनीतल्या अनेक शहरांत एकच वाद्यवृंद मैफली आणि ऑपेरा दोन्ही वाजवतो, आमचाही तसाच. त्यामुळे सकाळी सिम्फनीची तालीम आणि रात्री रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून, कधी एकही तालीम न मिळता, वर्षानुवर्षे चालत आलेला ऑपेरा वाजवावा लागतो. नव्या माणसाला अशा वेळी शेजाऱ्याच्या श्वासावर विसंबावे लागते: तो कुठे श्वास घेतो त्यावरून वाक्य कुठे सुरू होणार हे कळते. परिवीक्षा काळात माझ्याविषयी सर्वांत बारकाईने काय पाहिले जात असेल तर ते हेच, असे मला नंतर सहकाऱ्यांनी सांगितले.

वर्ष संपत आल्यावर आधी फुंकवाद्यांच्या विभागाने एकत्र बसून चर्चा केली आणि मग संपूर्ण वाद्यवृंदाने मतदान केले. त्या बैठकीला उमेदवाराने हजर राहायचे नसते. नेमणूक कायम झाली. त्यानंतर निवासाच्या परवान्याची, घराच्या कराराची कामे सरळ झाली, आणि आईबाबांना मुंबईत निर्धास्तपणे सांगता आले की आता बिऱ्हाड इथेच.

कायम झाल्यावर काम हलके होत नाही. उजव्या अंगठ्यावर वाद्याचा सगळा भार येतो, त्यामुळे मनगटाची काळजी घ्यावी लागते. पाठीमागून येणाऱ्या ट्रम्पेटपासून कान जपावे लागतात. नवे लाकडी वाद्य घेतले तर तडा जाऊ नये म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत ते रोज थोडा वेळच वाजवावे लागते. मुंबई, पुणे आणि गोव्यातून काही तरुण वादक सल्ला विचारतात, त्यांना मी वरचा भाग कृत्रिम द्रव्याचा असलेले वाद्य घ्यायला सांगते, कारण दमट गल्लीतून वातानुकूलित खोलीत जाणारे लाकूड फार लवकर चिरते. आणि पहिल्याच वर्षी सुरी हातात घ्या, हेही सांगते.

गेल्या हंगामात आमच्या विभागातली आणखी एक जागा रिकामी झाली तेव्हा चाचणीचा अभ्यासक्रम ठरवण्याच्या बैठकीत मीही होते. पहिली फेरी मोझार्टचीच राहिली, आणि ती राहावी असेच माझेही मत होते. शेवटच्या फेरीत मात्र उमेदवाराने आमच्या पहिल्या ओबोवादकाशेजारी बसून दुसऱ्या ओबोचे उतारे वाजवावेत, असा प्रस्ताव मी मांडला आणि तो स्वीकारला गेला. त्यासाठी निवडलेल्या उताऱ्यांत बाखच्या १७२४ मधील योहान पॅशन या, ख्रिस्ताच्या यातनांवरील रचनेचे पहिले समूहगीत आहे. त्यात दोन ओबो एकमेकांना अगदी लागून, विसंवादी स्वर धरून ठेवतात, एक हलतो तेव्हा दुसरा थांबलेला असतो, आणि थांबलेल्याने आपला स्वर तसूभरही न ढळू देता शेजाऱ्याचा घर्षण करणारा स्वर सोसून धरायचा असतो. त्या फेरीला आम्ही प्रत्येक उमेदवारासाठी पुरेसा वेळ राखला आहे.